हेवी-ड्युटी पिकअप घेताना: चासी, पाटे आणि दारावरचं लेबल

मार्च उजाडला की डॅलसच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मंडळींचे मला फोन सुरू होतात. "दादा, कॅम्पर ट्रेलर घ्यायचा विचार चाललाय. २५०० घेऊ की ३५००? एफ-२५० पुरेल ना?" कुणी गावाबाहेर दोन-चार एकर घेतलेले असतात आणि त्यांना गवताचे गठ्ठे आणायचे असतात. कुणी बागकामाचा धंदा सुरू केलेला असतो. फोन करेपर्यंत इंजिनाची ताकद पाठ झालेली असते, ट्रक किती खेचतो तो आकडा पाठ झालेला असतो. गाडीखाली वाकून मात्र एकदाही पाहिलेलं नसतं.

मी इचलकरंजीत पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गॅरेजात वाढलो. वडील टेम्पो आणि ट्रकचे पाटे उतरवायचे, तुटलेला मेन पाटा बदलायचे, सेंटर बोल्ट आवळून संच परत चढवायचे. त्यामुळे कुठलीही मालवाहू गाडी समोर आली की माझी नजर आधी मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला जाते. अमेरिकेत पंधरा वर्षं झाली, इथली तीन पिकअप वापरून झाली, तरी ती सवय कायम आहे. नव्याने पिकअप घेणाऱ्यानेही तीच सवय लावून घ्यावी, म्हणून गाडी ज्या क्रमाने बघावी त्याच क्रमाने इथे लिहितोय.

मुद्दा आधीच सांगतो. १५००, २५००, ३५०० या पिकअपच्या चढत्या ताकदीच्या पायऱ्या, फोर्ड त्यांनाच एफ-१५०, एफ-२५०, एफ-३५० म्हणते. २५०० आणि ३५०० यांच्या चासीत तुम्हाला वाटतो तेवढा फरक नसतो. खरी उडी तीन ठिकाणी आहे: १५०० वरून २५०० वर जाताना, मागे एकेरी टायरवरून जोड टायरवर जाताना, आणि पिकअप सोडून चासी-कॅब (मागे हौदा नसलेली गाडी) घेताना. २५०० ते एकेरी टायरचा ३५०० हा फरक बहुतांशी पाट्यांचा आणि लेबलाचा आहे. तो लहान आहे असं मात्र समजू नका. कित्येकांचं गणित नेमकं तिथेच बसतं किंवा फसतं.

पहिली पायरी: नावं बाजूला ठेवा, वर्ग बघा

इथे लोक अजूनही 'हाफ टन', 'थ्री-क्वार्टर टन', 'वन टन' असं बोलतात. ही नावं फार जुनी आहेत. एके काळी हौद्यात अनुक्रमे १,०००, १,५०० आणि २,००० पौंड माल नेणाऱ्या गाड्यांना ती पडली. आजचे काही हाफ टन त्या जुन्या वन टनाइतका माल नेऊ शकतात. आता नाव फक्त आडनावासारखं उरलंय: फोर्ड एफ-१५०, रॅम १५००, शेवरले सिल्व्हराडो १५०० म्हणजे हाफ टन, एफ-२५०, रॅम २५००, सिल्व्हराडो किंवा जीएमसी सिएरा २५०० एचडी (हेवी-ड्युटी) म्हणजे थ्री-क्वार्टर टन, एफ-३५० आणि सगळे ३५०० म्हणजे वन टन.

सरकार मोजतं ते जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे गाडी, डिझेल-पेट्रोल, माणसं आणि माल मिळून उत्पादकाने मान्य केलेलं कमाल वजन. ६,००० पौंडांपर्यंत वर्ग १. ६,००१ ते १०,००० वर्ग २, आणि त्यातही ८,५०० च्या वरच्या गाड्यांना '२ ब' म्हणतात. १०,००१ ते १४,००० वर्ग ३. १४,००० पौंड म्हणजे सुमारे ६,३५० किलो. आपल्याकडे भारतात ३.५ टनांपर्यंतची मालवाहू गाडी एन१ गटात येते आणि त्यावर एन२ सुरू होतो. बोलेरो पिकअप एन१ मधली. साधी एफ-२५० तिकडे नेली तर ती तिथल्या मध्यम ट्रकच्या गटात जाऊन बसेल. इथे तीच गाडी माणसं किराणा आणायला वापरतात, म्हणून तिच्या वजनाचा अंदाज येत नाही.

१०,००० पौंडांच्या रेषेकडे नीट बघा. धंद्यासाठी गाडी राज्याबाहेर नेणार असाल, तर १०,००१ पौंडांपासून तिच्यावर केंद्राच्या व्यावसायिक वाहनांचे नियम लागतात आणि यूएसडीओटी (अमेरिकी परिवहन खात्याचा) क्रमांक काढावा लागतो. गाडी आणि ट्रेलर यांचं मान्य वजन मिळून त्या रेषेवर गेलं तरी तेच. म्हणून कित्येक वर्षं थ्री-क्वार्टर टन गाड्या बरोबर १०,००० वर थांबवलेल्या असायच्या. फोर्डने तर '१०,००० पौंडांचं पॅकेज' म्हणून पर्याय दिला, ज्यात गाडी तीच, पाटे तेच, फक्त लेबलावरचा आकडा खाली आणलेला. उलट आजच्या काही एफ-२५० आणि सिल्व्हराडो २५०० एचडी १०,००० ओलांडून जातात, म्हणजे नावाने थ्री-क्वार्टर टन आणि हिशेबाने वर्ग ३. मागच्या झडपेवरचा बिल्ला वाचून वर्ग ठरवू नका, असं मी सांगतो ते यामुळेच.

दुसरी पायरी: ड्रायव्हरचं दार उघडा

दाराच्या चौकटीवर लेबल चिकटवलेलं असतं. त्यावर जीव्हीडब्ल्यूआर असतो आणि पुढच्या व मागच्या अ‍ॅक्सलची वेगवेगळी मर्यादा असते, तिला जीएडब्ल्यूआर म्हणतात. १०,००० पौंडांपर्यंतच्या गाडीवर टायरचं आणखी एक लेबल असावं लागतं, आणि त्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं की माणसं आणि माल मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नका. हा आकडा तुमच्याच गाडीचा असतो. सनरूफ, चामड्याच्या सीटा, मोठी कॅब, जे काही त्या गाडीला कारखान्यात लावलं ते वजा करून काढलेला. जाहिरातीतला पेलोड, म्हणजे पेलता येणारं ओझं, हा सर्वांत हलक्या, सर्वांत साध्या मॉडेलचा असतो आणि तसली गाडी शोरूममध्ये सहसा उभीही नसते.

१०,००० च्या वरच्या गाडीला ते टायरचं लेबल बंधनकारक नाही. ते नसेल तर गाडी काट्यावर नेऊन रिकामं वजन काढायचं आणि जीव्हीडब्ल्यूआरमधून वजा करायचं.

आता एक हिशेब मांडून बघू. हाच हिशेब मी फोनवर सगळ्यात जास्त वेळा सांगितलाय. समजा रॅम २५००, चार दारांची, फोर-बाय-फोर, कमिन्स डिझेल. जीव्हीडब्ल्यूआर १०,०००. ते इंजिनच हजार पौंडांच्या वर आहे, त्यामुळे रिकामी गाडी ७,८०० च्या आसपास भरते. हातात उरले २,२०० पौंड. तुम्ही १२,००० पौंडांचा फिफ्थ-व्हील (हौद्यात जोडायचा) ट्रेलर पसंत केला. जाहिरात सांगते की ही गाडी त्याहून कितीतरी जास्त खेचते, आणि ते खरंही आहे. पण फिफ्थ-व्हीलचं १५ ते २५ टक्के वजन गाडीच्या हौद्यात, पिनवर येतं. २० टक्के धरले तर २,४०० पौंड. पिनची जोडणी १७५. नवरा-बायको, दोन मुलं, थोडं सामान मिळून ६५०. बेरीज ३,२२५. म्हणजे मर्यादेच्या हजार पौंड वर, आणि अजून गाडी घराबाहेर पडलेली नाही.

हाच ट्रेलर एकेरी टायरच्या ३५०० ला लावा. त्यांचा जीव्हीडब्ल्यूआर मॉडेल आणि वर्षाप्रमाणे साधारण ११,५०० ते १२,४०० असतो. रिकामं वजन जेमतेम शंभरेक पौंडांनी वाढतं आणि हातात चार हजारांच्या आसपास उरतात. तेच इंजिन, तीच कॅब, जवळजवळ तीच चासी. मग हे जास्तीचे दोन हजार पौंड कुठून आले? त्यासाठी आता खाली वाकायचं.

तिसरी पायरी: चासी

पिकअपची चासी म्हणजे शिडी. दोन लांब रेल, मध्ये आडवे दांडे, वर कॅब आणि हौदा बोल्टने बसवलेला. हात लावून बघण्याची गोष्ट म्हणजे रेलचा छेद. तो मराठी 'क' लिहिताना मारलेल्या अर्ध्या गोलासारखा एका बाजूने उघडा असेल तर त्याला सी-चॅनेल म्हणतात, चारी बाजूंनी बंद असेल तर बॉक्स. मागच्या चाकाच्या पुढे रेलच्या आतल्या बाजूला बोटं घाला. बोटं खोबणीत गेली तर सी, सपाट पत्र्यावर आपटली तर बॉक्स.

बंद पेटी पीळ खात नाही. पुठ्ठ्याचा खोका झाकण उघडं ठेवून पिळून बघा आणि मग झाकण चिकटवून पिळा, हाताला लगेच कळेल. चासी पिळली नाही की हौदा आणि कॅब एकमेकांच्या विरुद्ध हलत नाहीत, आणि पुढचं-मागचं सस्पेन्शन आपापलं काम ज्या कोनात करायला बनवलंय त्या कोनातच राहतं. फोर्डच्या सुपर ड्युटीत (एफ-२५० आणि त्यावरच्या गाड्या) २०१६ पर्यंत कॅबच्या मागची रेल सी होती. २०१७ च्या नव्या रचनेत पिकअपची पूर्ण चासी बॉक्स झाली आणि वरची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची. जनरल मोटर्सने आपल्या एचडी गाड्यांत हे २०११ मध्ये केलं. रॅमची आजची हेवी-ड्युटी चासीही बॉक्स आहे आणि तिच्यात जवळजवळ सगळं उच्च-ताकदीचं पोलाद आहे.

ताकद फक्त पोलादाच्या जातीवर नसते, रेलच्या उंचीवर जास्त असते. फळी आडवी टाकून तिच्यावर उभं राहिलं तर ती वाकते, तीच फळी कडेवर उभी केली तर वाकत नाही. १५०० आणि २५०० शेजारी उभ्या करून खालून बघितल्यात तर २५०० ची रेल उंच, जाड, आणि आडवे दांडे दणकट दिसतील. इथली उडी खरी आहे. हाफ टनाला जाड पाटे टाकून तिची थ्री-क्वार्टर टन होत नाही, कारण पाटे ज्याला टांगलेत ती शिडीच वेगळी आहे.

२५०० वरून ३५०० वर मात्र रेल सहसा त्याच साच्यातली असते. बदलतात ते पाट्यांचे कंस आणि त्यांच्या जोडणीच्या जागा. म्हणून "३५०० ची चासी डबल मजबूत असते" असं कुणी विक्रेता सांगायला लागला, तर त्याला म्हणा, चला, दोन्ही गाड्यांखाली जाऊन बघू.

चासी-कॅबची गोष्ट वेगळी. हौदा न लावता नुसती कॅब आणि मागे उघडी चासी अशी ही गाडी विकली जाते. तिची मागची रेल मुद्दाम सी-चॅनेलची, वरून सपाट आणि सुमारे ३४ इंच रुंदीवर सरळ नेलेली असते. डंपर, टो-ट्रक, अवजारांची बॉडी बनवणाऱ्यांची सगळी जोडणी याच मापावर चालते. सी-चॅनेलला बोल्ट लावणं सोपं आणि मोठी बॉडी वर बसली की थोडा पीळ खाणारी चासी तिला सोयीची पडते. तुमचा धंदा बॉडी बसवण्याचा असेल तर पिकअप घेऊन हौदा उतरवण्यापेक्षा सरळ चासी-कॅब घ्या. आणि गाडी कुठलीही असो, रेलच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला भोक पाडू देऊ नका. वाकण्याचा सगळा ताण त्या दोन पट्ट्यांवर असतो आणि तडा नेहमी भोकापासून सुरू होतो. वडिलांच्या गॅरेजात तुटून आलेल्या चासींमध्ये मी हे इतक्या वेळा पाहिलंय की इथे कुणी पट्टीवर ड्रिल टेकवलं की माझा हात आपोआप पुढे होतो.

चौथी पायरी: पुढचं सस्पेन्शन

यात तीन घराण्यांचे (कंपन्यांचे) तीन मार्ग आहेत, पण घराण्याच्या आत २५०० आणि ३५०० मध्ये फारसा फरक नाही. म्हणून इथे थोडक्यात.

फोर्डच्या फोर-बाय-फोर सुपर ड्युटीला पुढे सॉलिड अ‍ॅक्सल आहे, २००५ च्या मॉडेलपासून कॉइल स्प्रिंगवर. आधी तिथेही पाटेच होते. रॅमलाही पुढे सॉलिड अ‍ॅक्सल आणि कॉइल. शेवरले-जीएमसीने (दोन्ही जनरल मोटर्सच्याच) मात्र प्रत्येक चाक स्वतंत्र ठेवलंय आणि स्प्रिंगच्या जागी टॉर्शन बार वापरलाय: लांब पोलादी दांडा, एक टोक चाकाच्या हाताला, दुसरं चासीच्या आडव्या दांड्यात अडकवलेलं. चाक वर आलं की दांडा पिळला जातो आणि तो पीळच स्प्रिंगचं काम करतो. मागच्या टोकाला बोल्ट असतो. तो फिरवला की पुढची उंची बदलते. वापरलेली गाडी बघताना तो बोल्ट बघा. तो शेवटपर्यंत आवळलेला असेल तर कुणीतरी नाक वर करायला पिळून ठेवलाय आणि पुढे धक्के बसणार.

रोजच्या डांबरी रस्त्यावर स्वतंत्र चाकं मला आवडतात, खड्डा एका चाकाला लागला की दुसऱ्याला कळत नाही. बर्फाचा नांगर लावायचा असेल किंवा शेतातून रोज जायचं असेल तर सॉलिड अ‍ॅक्सल घ्यावा. त्यात झिजणारे सांधे कमी.

सॉलिड अ‍ॅक्सलचं एक दुखणं ओळखून ठेवा. पन्नास-साठ मैलांच्या वेगात पुलाच्या सांध्यावरून गेलं आणि स्टिअरिंग जोरात थरथरायला लागलं, वेग उतरेपर्यंत थांबेना, तर बहुतेक वेळा ट्रॅक बारचा बुश किंवा बॉल सांधा सैल झालेला असतो. ट्रॅक बार म्हणजे अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून लावलेला तिरका दांडा. तपासायचं असं: गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. एकाने स्टिअरिंग थोडं डावीकडे-उजवीकडे हलवत राहायचं, दुसऱ्याने बाजूने वाकून दांड्याचं टोक बघायचं. टोकाचा बोल्ट स्थिर आणि दांडा त्याच्याभोवती हलतोय असं दिसलं तर तिथे पैसे घालावे लागणार आहेत.

पाचवी पायरी: मागे वाका आणि पाटे मोजा

दोन हजार पौंडांचं उत्तर इथे आहे.

तीन वर्षांपूर्वी आई-बाबा इथे आले होते. शेजारच्याकडे एफ-३५०, आमच्या दारात एफ-२५०, दोन्ही साधारण एकाच वयाच्या, दोन्हीला मागे एकेरी टायर. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर बाबा चहाचा कप बाजूला ठेवून ड्राइव्हवेवर एक गुडघा टेकून बसलेले. आधी आमच्या गाडीच्या पाट्यांवरून बोट फिरवलं, मग शेजारच्याला विचारून त्याच्या. परत येऊन म्हणाले, "अरे, मेन संच सारखाच दिसतोय. त्याच्याकडे खालचा सपाट पाटा दणदणीत आहे, आणि एक्सलवरचा ठोकळा आपल्यापेक्षा जाड." इंग्रजी पुस्तिका न वाचता त्यांनी पाच मिनिटांत फरक सांगितला.

फोर्डच्या या दोन गाड्यांत बरीच वर्षं नेमकं हेच होतं. पाट्यांचा संच आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये एक लोखंडी ठोकळा असतो: एफ-२५० ला साधारण २ इंचांचा, एफ-३५० ला ४ इंचांचा. म्हणून रिकामी एफ-३५० मागून उंच दिसते. माल चढला की ती सपाट होते आणि हलक्या गाडीसारखी बूड टेकत नाही.

पाट्यांचा संच दोन टप्प्यांत काम करतो. वरचे लांब, वाकडे पाटे नेहमी भार घेतात. सर्वांत खालचा जाड, जवळजवळ सरळ पाटा रिकाम्या गाडीत कुणाला टेकलेला नसतो. हौद्यात वजन आलं, वरचे पाटे दबले, की ते त्याच्यावर येऊन बसतात आणि मग तो जोर लावतो. काही गाड्यांत संचाच्या वर आणखी एक हेल्पर पाटा असतो आणि चासीला दोन टेकू लावलेले असतात. भार वाढला की पाट्याची टोकं त्या टेकूंना भिडतात. वाकून बघाल तेव्हा टेकूवर घासल्याची चकाकी दिसते का ते बघा. वापरलेल्या गाडीत ती चकाकी सांगते की या गाडीने खरोखर ओझं वाहिलंय, विकणारा काही म्हणो.

रॅमचा मार्ग निराळा. २०१४ पासून रॅम २५०० ला मागे कॉइल स्प्रिंग आहेत आणि अ‍ॅक्सल पाच दांड्यांनी धरलेला आहे, तर ३५०० ला पाटे. दुसऱ्या कुठल्याही घराण्यात २५०० आणि ३५०० यांच्यातला फरक एवढा उघड दिसत नाही. पाटा एकाच वेळी दोन कामं करतो: भार पेलतो आणि अ‍ॅक्सल जागेवर धरतो. दुसऱ्या कामामुळे तो मऊ करता येत नाही, नाहीतर जोरात निघताना अ‍ॅक्सल स्वतःभोवती पिळतो. कॉइल फक्त भार पेलते. धरण्याचं काम दांडे करतात, त्यामुळे तिला मऊ ठेवता येतं. रिकाम्या रॅम २५०० मध्ये बसलं की पाठीला जाणवतो तो आराम याचा आहे. किंमत म्हणून ओझ्याची मर्यादा कमी. रोज ऑफिसला न्यायची आणि महिन्यातून एकदा मध्यम ट्रेलर लावायचा, अशा माणसाला मी रॅम २५०० सुचवतो. रोज हौदा भरून जायचं असेल तर पाटेच हवेत.

शेवरले-जीएमसीच्या दोन्हींना मागे पाटेच, ३५०० ला जास्त दणकट.

बाजारात हवेच्या पिशव्या मिळतात, पाटे आणि चासीच्या मध्ये बसवायच्या. त्या भरल्या की बसलेलं बूड वर येतं, गाडी सपाट दिसते. चांगली वस्तू आहे, मीही वापरली. पण त्याने दारावरच्या लेबलातला आकडा एका पौंडानेही वाढत नाही. अ‍ॅक्सल तोच, टायर तेच, ब्रेक तेच.

सहावी पायरी: हब आणि टायर

मागच्या चाकाच्या मधोमध बघा. २५०० आणि ३५०० मध्ये चाकाच्या मध्यातून एक जाड गोल तुकडा बाहेर आलेला असतो आणि त्याच्या तोंडावर बोल्टांचं कडं असतं. हा फुल-फ्लोटिंग अ‍ॅक्सल. यात गाडीचं वजन हब आणि बेअरिंगवरून बाहेरच्या नळीवर जातं. आतला दांडा फक्त चाक फिरवतो. ते बोल्ट काढून दांडा ओढून घेतला तरी गाडी चारही चाकांवर उभी राहते. १५०० मध्ये सेमी-फ्लोटिंग अ‍ॅक्सल असतो, तिथे फिरवण्याचं आणि वजन पेलण्याचं काम एकाच दांड्यावर. चाकाचे बोल्टही मोजा: हेवी-ड्युटीला आठ, हाफ टनाला बहुधा सहा. आपल्याकडच्या ट्रकवाल्यांना फुल-फ्लोटिंग नवीन नाही, फक्त इथे ती सीमारेषा १५०० आणि २५०० यांच्यामधून जाते.

मग टायर. बाजूच्या भिंतीवर भारांक लिहिलेला असतो. १२५ म्हणजे एका टायरला सुमारे ३,६४० पौंड, दोघांना मिळून ७,२८०, आणि तेही थंड टायरमध्ये त्याला लागणारी पूर्ण हवा असेल तरच. असल्या ई दर्जाच्या टायरना ती ८० पीएसआय असते. १२१ म्हणजे सुमारे ३,२०० पौंड. मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा काहीही असो, टायर त्याहून कमी असतील तर टायरच मर्यादा. वापरलेल्या गाडीवर दिसायला रुबाबदार पण कमी भारांकाचे टायर चढवलेले मी अनेकदा पाहिलेत. ते बघून भाव पाडा आणि आल्यावर बदला.

जोड टायरच्या ३५०० ला इथे 'ड्युअली' म्हणतात. चार टायर मिळून मागे ११,००० पौंडांच्या वर पेलू शकतात आणि जीव्हीडब्ल्यूआर १४,००० पर्यंत जातो. पण मला ड्युअलीत आवडतं ते वेगळंच: तिचा पाय रुंद असतो. उंच फिफ्थ-व्हील मागे असताना बाजूने वारा आला की ही गाडी जागची हलत नाही. त्या बदल्यात मागून ती सुमारे ८ फूट रुंद. बँकेच्या, बर्गरच्या गाडीत बसूनच काम उरकायच्या खिडकीपाशी जपून जावं लागतं, गाडी धुण्याची बरीच स्वयंचलित केंद्रं घेत नाहीत, आणि काही वसाहतींच्या नियमात ती घराबाहेर उभी करता येत नाही. नियम आधी वाचा. एफ-४५० पिकअपही वर्ग ३ मध्येच, १४,००० वर आहे. तिची मोठी खूण म्हणजे १९.५ इंची व्यावसायिक चाकं आणि पुढे रुंद अ‍ॅक्सल, ज्यामुळे ती एवढी मोठी असून कमी जागेत वळते.

गाडी आणि ट्रेलर मिळून २६,००० पौंडांच्या वर जात असतील आणि ट्रेलर १०,००० च्या वर असेल तर परवानाही बदलतो. टेक्सासमध्ये घरगुती वापरासाठी बिगर-व्यावसायिक क्लास ए काढावा लागतो.

सातवी पायरी: काट्यावर न्या

हे मी चूक करून शिकलो, म्हणून सांगतो. आमची पहिली गाडी हाफ टन होती. ट्रेलर विकणाऱ्याने "आरामात खेचेल" सांगितलं, ७,००० पौंडांचा ट्रेलर लावला, मुलांच्या सायकली, जनरेटर, बर्फाची पेटी हौद्यात टाकली आणि कोलोरॅडोला निघालो. अमरिलोपर्यंत काही वाटलं नाही. रॅटन घाटाचा माथा सुमारे ७,८०० फुटांवर आहे. तिथून उतरताना शेजारून मोठा ट्रक गेला आणि ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे हलायला लागला. स्टिअरिंग हातात हलकं लागत होतं, जणू पुढची चाकं रस्त्याला नुसती शिवतायत. बायको काही बोलली नाही, तिने मागच्या सीटवरच्या धाकट्याचा हात धरला. ट्रेलरचे ब्रेक हाताने लावले तेव्हा ती डुलकी थांबली.

खाली उतरल्यावर ट्रक-थांब्यावरच्या कॅट स्केलवर (ट्रकच्या वजनकाट्यावर) गेलो. पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल, ट्रेलर असे तीन वेगळे आकडे मिळतात. लेबलावर १,५०० होतं. ट्रेलरच्या जिभेचं (जोडणीच्या टोकाने गाडीवर टाकलेलं) वजन ९००, आम्ही चौघं ६२०, हौद्यातलं सामान आणि जोडणी २५०. म्हणजे २७० पौंड जास्त, आणि जवळजवळ सगळे मागच्या अ‍ॅक्सलवर. इंजिन खरंच आरामात खेचत होतं. कमी पडले ते पाटे आणि अ‍ॅक्सल.

म्हणून गाडी घेण्याआधी नाही तरी ट्रेलर घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात काट्यावर जा. दोनदा वजन करा, एकदा ट्रेलरसकट आणि एकदा नुसती गाडी. मागच्या अ‍ॅक्सलचा आकडा दाराच्या लेबलाशी ताडून बघा. पुढचा अ‍ॅक्सल ट्रेलर लावल्यावर खूप हलका झाला असेल तर भार पुढच्या चाकांकडेही वाटून देणारी जोडणी लावा किंवा जिभेवरचं वजन तपासा. साध्या ट्रेलरला ते एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं. हौद्यात बसवायचा कॅम्पर असेल तर त्याचा गुरुत्वमध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे पडायला हवा. तो मागे गेला की कॅम्पर तरफेसारखा चासीचं शेपूट दाबतो आणि नाक उचलतो.

काटा जवळ नसेल तर टेप घ्या. रिकाम्या गाडीच्या चारही चाकांवरच्या कमानीपासून जमिनीपर्यंतची उंची वहीत लिहा, माल चढवून परत लिहा. मागे दोन-अडीच इंच बसली आणि पुढे जागच्या जागी राहिली तर ठीक. पुढे इंचभर वर आली तर थांबा.

वापरलेली २५०० किंवा ३५०० घेत असाल तर शेवटी यू-बोल्ट बघा, पाट्यांचा संच अ‍ॅक्सलला बांधणारे. पाटे बदललेले असतील आणि जुनेच यू-बोल्ट परत लावलेले असतील, तर नवे टाकून घ्या. एकदा ताणले गेलेले बोल्ट तो दाब पुन्हा धरत नाहीत. नवे बसवल्यावर काही शे मैलांनी ते परत आवळावे लागतात. बाबा निघायच्या आदल्या दिवशी माझ्या गाडीखाली गेले आणि प्रत्येक नटापासून खालच्या पट्टीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून आले. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. मी दर महिन्याला टायरची हवा बघताना टॉर्च मारून त्या आठ रेघा बघतो.